विवाहनोंदणी, माहेर आणि एचआयव्ही : गोव्यातील अपत्यजन्माचा एक इतिहास

पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या ताब्यात आले, आणि 'नव्या काबिजादी'त मोडणाऱ्या या मुलखात हिंदू रूढींना जुन्या काबिजादीच्या मानाने बरेच अभय राहिले. १६ डिसेंबर १८८० च्या फर्मानाने या रूढी संहितेत बांधल्या गेल्या. पत्नीला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य झाले नाही, किंवा तिशी गाठूनही पुत्र झाला नाही, तर काही अटींवर पतीच्या दुसऱ्या विवाहाला दिवाणी मान्यता मिळावी, अशी तरतूद तीत होती. अशा विवाहांचे प्रमाण किती होते हा वेगळा प्रश्न आहे. तथापि मूल न होणे ही केवळ घरातील खंत नसून कायद्याने नोंद घ्यावी अशी बाब आहे, ही समजूत त्या कलमात स्पष्ट उमटलेली आहे. शंभर वर्षांनंतर एचआयव्हीची चाचणी होऊ लागली, तेव्हा तिच्या निष्कर्षाला सामोरे जाणाऱ्या दांपत्यांभोवती हीच समजूत वावरत होती.

शासनाचा पहिला प्रतिसाद मात्र अपत्याचा विचार करणारा नव्हता. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायदा, १९८५ यात लवकरच केलेल्या दुरुस्तीमुळे बाधित व्यक्तीला सक्तीने विलग ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी बार्देशातील पर्रा येथील डॉमिनिक डिसूझा यांना त्याच अधिकाराखाली ताब्यात घेऊन ६४ दिवस स्थानबद्ध ठेवण्यात आले. नियमित रक्तदान करणाऱ्या या तरुणाचा संसर्ग रक्ताच्या तपासणीतून उघड झाला होता. त्यांच्या मातोश्री लुसी डिसूझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. परंतु व्यक्तीचे हित समाजहितापुढे गौण ठरते, या भूमिकेतून न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. पुढे डिसूझा यांनी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

विलगीकरणाचा आग्रह ओसरल्यावर लक्ष विवाहाकडे वळले, आणि गोव्यात ते वळणे स्वाभाविकही होते, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे येथे सर्व धर्मीयांच्या विवाहाची दिवाणी नोंद होते आणि वधूवरांना सामान्यतः निबंधकासमोर प्रथम आपला इरादा नोंदवून, ठरावीक मुदतीनंतर पुन्हा सह्या कराव्या लागतात. या दोन टप्प्यांच्या मधोमध चाचणी बसवणे सोयीचे वाटले असावे. २००६ मध्ये राज्य शासनाने विवाहपूर्व सक्तीच्या चाचणीचा प्रस्ताव पुढे आणला, २०१९ मध्ये आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी तोच विचार पुन्हा मांडला. तशी सक्ती मात्र अमलात आली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क जणू स्थगित मानला होता आणि २००२ मध्ये ती निरीक्षणे अनावश्यक ठरवली होती, ही पार्श्वभूमीही येथे ध्यानात घ्यावी लागते. शिवाय नोंदणीच्या दिवशी निर्दोष आलेला अहवाल पुढील आयुष्याची हमी देत नाही, आणि बाधित आलेला अहवाल मूल होण्याची वाट बंद करत नाही; त्यामुळे हा पहारा चुकीच्या दारावर बसवला जात होता, असेच म्हणावे लागेल.

खरा बदल गरोदर स्त्रीच्या तपासणीत आणि प्रसूतिगृहात घडला. आईकडून बाळाला विषाणूची लागण गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून होते, आणि कोणताही उपचार न केल्यास तिचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. वडिलांकडून मात्र ती थेट होत नाही, आई बाधित झाली तरच बाळाला धोका संभवतो. झिडोव्हुडिन या औषधाने ही लागण सुमारे दोनतृतीयांशाने घटते, हे १९९४ मध्ये सिद्ध झाले. युगांडातील १९९९ च्या अभ्यासाने नेविरापिनची एक गोळी आईला प्रसववेदना सुरू झाल्यावर आणि एक मात्रा बाळाला जन्मानंतर तीन दिवसांच्या आत, असा स्वस्त मार्ग दाखवला, आणि २००२ च्या सुमारास भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तोच स्वीकारला. एका गोळीने आईचा आजार हटत नव्हता. तो उपचार बाळासाठी होता, आणि त्यात आईला केवळ वाहक मानले गेले, हा आक्षेप रास्त होता. १ एप्रिल २००४ पासून देशात विषाणूरोधक औषधोपचार, म्हणजे एआरटी, मोफत मिळू लागला, तर २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला रक्तातील पेशींची संख्या न पाहता आजन्म उपचार देण्याचे धोरण आले. उपचाराने विषाणूचे प्रमाण मोजण्याइतकेही न उरल्यास जोडीदाराला लागण होत नाही, हे २०१६ च्या 'पार्टनर' अभ्यासाने दाखवले आणि नैसर्गिक गर्भधारणेचा प्रश्नही सोपा झाला.

पेडणे आणि डिचोलीत या धोरणाची गाठ एका जुन्या चालीशी पडते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत येथे आहे. पूर्वी त्यासाठी गावची वयजीण, म्हणजे सुईण, पुरेशी असे. पेडण्याची सोयरीक सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे आणि डिचोलीची दोडामार्गाकडे होत आलेली असल्याने माहेर अनेकदा दुसऱ्या राज्यात असते. चाचणी सासरच्या आरोग्य केंद्रात, औषधे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून आणि प्रसूती महाराष्ट्रातील रुग्णालयात, अशी विभागणी होण्याचा संभव म्हणूनच मोठा असतो. सातव्या महिन्यात माहेरी निघालेल्या स्त्रीबरोबर तिची औषधे जायला हवीत. पण ती बरोबर नेणे म्हणजे माहेरच्यांना निदान कळण्याचा धोका पत्करणे होय, आणि ही अडचण केवळ गोळ्यांच्या पुरवठ्याने मिटणारी नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने संमतीवाचून चाचणी करण्यास आणि निदान उघड करण्यास सामान्यतः मनाई केली आहे, तसेच बाधित गरोदर स्त्रीचा गर्भपात किंवा नसबंदी तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही, असेही म्हटले आहे.

बाळाच्या तपासणीलाही काळ लागतो. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत टिकू शकतात, म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर विषाणूचाच शोध घेतला जातो आणि अंतिम निर्णय अठराव्या महिन्यानंतर दिला जातो. तोवर आई बहुधा सासरी परतलेली असते, आणि माहेरच्या रुग्णालयात उघडलेली बाळाची नोंद सासरच्या केंद्राशी जोडून घेण्याचे काम दोन राज्यांच्या समुपदेशकांकडे येते.