गळा कुणाचा, झेंडा कुणाचा?

ग्रेग ऑलमन ऐकला आणि डोकं फिरलं. अमेरिकेच्या दक्षिणेतला गोरा पोरगा, वय २३, आवाज मात्र म्हाताऱ्या काळ्या गवयाचा! मला तसं गायचं होतं. मी जलशातला माणूस. वरच्या पट्टीत, माईकशिवाय गायची सवय. सदर्न रॉकची खरखर आणायची म्हणून घसा खरवडत बसलो. चौथ्या दिवशी आवाज बसला. आई म्हणाली, ''आरं, गातूस का कुणाच्या अंगावर जातूस?''

मग हा माणूस शिकला कुणाकडं, ते शोधलं. खरा धडा तिथं सुरू झाला.

ग्रेगचा जन्म १९४७ चा. वाढला फ्लोरिडातल्या डेटोना बीचला. तिथंही वस्त्या रंगानं तोडलेल्या, आपल्या गावकुसासारख्या. फ्लॉइड माइल्स हा काळा गायक त्याचा दोस्त. गायला त्यानं शिकवलं, हे ग्रेगनं स्वतः कबूल केलंय. म्हंजे विद्या आली ती गावकुसाबाहेरून!

विद्या काय? कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे एक जागा आहे, स्वर तिथं दुखवत ठेवायचा. ठेक्याच्या किंचित मागून यायचं. एक ओळ दोनदा म्हणायची, तिसरीनं जबाब द्यायचा. आणि खरखर घशातून नाय, पोटातल्या दमातून. ह्या जागा कुठल्या संगीतशाळेनं ठरवल्या नाहीत. शेतात राबणाऱ्या गुलामांच्या हाकेतून आणि काळ्यांच्या चर्चमधल्या सवाल-जबाबातून त्या आल्या.

जॉर्जियाचा ब्लाइंड विली मॅकटेल. आंधळा, काळा, बारा तारांची गिटार घेऊन रस्त्यावर गाणारा. 'स्टेट्सबोरो ब्लूज' त्यानं १९२८ साली रेकॉर्ड केलं, १९५९ साली तो गेला. ऑलमन ब्रदर्सच्या १९७१ च्या गाजलेल्या 'ॲट फिलमोर ईस्ट'ची सुरुवात ह्याच गाण्यानं होते. टाळ्या ऐकायला मॅकटेल नव्हता. पण ऑलमनच्या बॅंडमधे पहिल्यापासून जेमो हा काळा ड्रमर बरोबरीनं बसत होता, हेही लिहायला पाहिजे.

दुसरी बाजू बघा. लिनर्ड स्किनर्ड हा बॅंड. मागं झेंडा कॉन्फेडरेसीचा! गुलामगिरी टिकवायला १८६१ ते १८६५ लढलेल्या फौजेचा. १९७४ साली त्यांचं 'स्वीट होम अलाबामा' आलं. १९६३ मधे बर्मिंगहॅमच्या चर्चमधे बॉम्बनं चार काळ्या मुली मारल्या, तेच हे अलाबामा. आणि गाण्यात मागचा आवाज कुणाचा? मेरी क्लेटन आणि क्लायडी किंग, दोघी काळ्या बाया. आपल्याला ते गाणं गायचं नव्हतं, हे मेरीनं पुढं सांगितलं. गळा त्यांचा, झेंडा मालकाचा.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिथल्या काळ्या पोरांकडून घेतलं आणि ते उघड सांगितलं. घेणं म्हंजे चोरी नव्हे. घेऊन नाव पुसणं ही चोरी.

आता रोज पहाटे आधी मॅकटेल ऐकतो, मग तोंड उघडतो. पोटातून, ठेक्याच्या मागून. घसा बसत नाय. आणि गाणं सुरू करण्याआधी वस्तीतल्या पोरांना नावं सांगतो: मॅकटेल, माइल्स, मेरी, क्लायडी. पोरं नावं पाठ करतात. स्वर मागाहून येतो.