पॅलाडे, जॉर्ज एमिल
(१९ नोव्हेंबर १९१२ – ऑक्टोबर २००८). रूमानियन-अमेरिकन पेशीवैज्ञानिक. पेशीची रचना व कार्य यांवरील संशोधनासाठी १९७४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आल्बेर क्लोद व क्रिस्त्यां द दूव्ह यांच्यासमवेत विभागून मिळाले.

जन्म रूमानियातील याश येथे. बूखारेस्टमध्ये वैद्यकाचे शिक्षण. १९४६ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व १९७३ पासून येल विद्यापीठात संशोधन. ऊतक टिकवताना ते आम्लधर्मी होऊन बिघडते, हे ओळखून त्यांनी ऑस्मियम टेट्रॉक्साइडचा उभयरोधी (आम्लता स्थिर राखणारा) विद्राव वापरला (१९५२). त्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचे अंतरंग स्पष्ट उमटू लागले. १९५५ मध्ये त्यांनी रायबोसोमांचे (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या कणांचे) वर्णन केले. स्वादुपिंडाच्या कापांना अवघी तीन मिनिटे किरणोत्सर्गी ल्यूसीन (प्रथिनांत सामावणारे ॲमिनो अम्ल) देऊन, सहकारी जेम्स जेमिसन यांच्यासह प्रथिनांचा पेशीतील मार्ग उलगडला : खडबडीत अंतर्द्रव्य जालिका, गॉल्जी पिंड, स्रावकणिका. त्यांचे हे संशोधन आधुनिक पेशीविज्ञानाचा भक्कम पाया होय.