जुन्या आगटीच्या पोटांत

इतिहास केवळ ताम्रपटांत आणि बखरींतच सांपडतो, अशी आपली समजूत असते. परंतु कधीं कधीं तो गवंड्याच्या छिनीखालींही सांपडतो. इंग्लंडांतील एखाद्या जुन्या घराचा मालक भिंतींतील आगटी काढून धुराडें मोकळें करूं लागला, म्हणजे त्यास याचा प्रत्यय येतो. धुराड्याचा जो भाग खोलींत पुढें आलेला असतो, त्यास तिकडील गवंडी धुराड्याची 'छाती' म्हणतात. ती उघडतांना बहुधा आधीं १९३० च्या सुमाराची, चकचकीत फरशांनीं मढविलेली आगटी निघते. तिच्यामागें व्हिक्टोरिया राणीच्या काळची ओतीव लोखंडाची जाळी. आणि तिच्याही मागील विटा काढल्या, तर कित्येकदां माणसास आंत बसतां येईल एवढा कोनाडा व त्यावरील ओकची काळवंडलेली तुळई दृष्टीस पडते. हीं पानें उलट्या क्रमानें उघडतात. आम्ही तीं येथें सुलट लावून पाहणार आहों.

आरंभीं धुराडें नव्हतेंच. केंट परगण्यांतील पेन्सहर्स्ट येथें १३४१ सालीं बांधलेल्या दिवाणखान्याच्या मध्यभागीं अष्टकोनी आगटी अद्यापि आहे. धूर छपरांतून वाट काढी, आणि धनी व चाकर एकाच आगीचा शेक घेत. सोळाव्या शतकांत धुराडीं सामान्यांच्या घरांतही शिरलीं. विल्यम हॅरिसन या पाद्र्यानें १५७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडवर्णनांत नमूद केलें आहे कीं, गांवच्या वृद्धांस आपल्या हयातींत झालेले जे तीन फरक विशेष वाटत, त्यांत धुराड्यांची वाढलेली संख्या हा एक होता. धूर गेला, वर मजला घालतां आला, खोल्या निराळ्या झाल्या. आपल्याकडे चुली वेगळ्या झाल्या म्हणजे घर फुटलें असें म्हणतात. तिकडे घर न फुटतां शेकोट्या मात्र वेगळ्या झाल्या.

इतक्या शेकोट्या दिसल्यावर सरकारचें लक्ष तिकडे न जातें तरच नवल! १६६२ सालीं दर आगटीस वर्षाला २ शिलिंग कर बसला. मोजणीदार घरांत शिरून आगट्या मोजूं लागला, हें लोकांस कराहूनही असह्य झालें. कित्येकांनीं आगट्या बुजवून टाकल्या. अखेर १६८९ सालीं तो कर रद्द झाला.

पुढें लांकूड महागलें व कोळसा आला. कोळशास लहान जाळी व जोराचा ओढा लागतो. म्हणून मोठे कोनाडे विटांनीं भरले गेले आणि धूरनळ्या अरुंद झाल्या. अठराव्या शतकाच्या शेवटीं काउंट रम्फर्डनें आगटीचा गळा आंवळून धूर कमी व उष्णता अधिक मिळविण्याची युक्ति शिकविली. परंतु ९ इंच रुंद व १४ इंच लांब अशा नळींतील काजळी काढणार कोण? त्यासाठीं लहान मुलें वर चढविण्यांत येत. १७७५ सालीं शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यानें धुराडीं झाडणारांस होणाऱ्या कर्करोगाचा काजळीशीं संबंध दाखविला. तरीही १८४० चा मनाईचा कायदा बहुतांशीं कागदावरच राहिला. १८७५ सालीं केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा धुराड्यांत अडकून मेला, तेव्हां कुठें परवान्याची सक्ति होऊन ही चाल बंद पडली.

डिसेंबर १९५२ मध्यें लंडनवर पसरलेल्या विषारी धुक्यानें हजारों माणसें दगावलीं. त्यानंतर १९५६ चा शुद्ध हवेचा कायदा झाला, नळांच्या पाण्यानें घरें उबदार होऊं लागलीं, आणि आगट्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या.

आज त्या फळ्या पुन्हा निघत आहेत. खालची छाती पाडतांना वरील विटांच्या भारास आधार द्यावा लागतो, नाहीं तर सारें खालीं येतें, हें गवंडी सांगतोच. आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, तुळई सांपडल्याच्या आनंदांत त्या अरुंद नळीकडेही एकवार पाहावें. तुळईचें वय जाणकार सांगतील. नळीची रुंदी मात्र एका मुलाच्या खांद्यांच्या मापाची आहे. ती उब कोणाच्या खांद्यांवर उभी होती, हें समजल्यावांचून त्या घराचा इतिहास पुरा झाला, असें आम्हांस म्हणवत नाहीं.