दख्खनी चिलखत

दख्खनी चिलखत : शस्त्राघातापासून शरीराचे रक्षण व्हावे म्हणून योद्धा अंगावर जे धातूचे, चामड्याचे किंवा दाट शिवलेल्या कापडाचे आवरण चढवितो, त्यास चिलखत म्हणतात. संस्कृतात त्यास ‘वर्म’ व ‘कवच’ या संज्ञा आहेत; मराठीत ‘बख्तर’ हा फार्सी शब्दही रूढ आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकांत दख्खनमध्ये, विशेषतः महाराष्ट्रात, वापरात असलेल्या लोखंडी व पोलादी चिलखतांची घडण, ती घडविणारे कारागीर आणि या चिलखतांचे आधुनिक संशोधन यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. चिलखत घडविणाऱ्या कारागिरांची विद्या हातातून हातात गेली. ती ग्रंथात उतरली नाही. त्यामुळे आज उरलेले प्रत्येक चिलखत हाच त्या विद्येचा मुख्य दस्तऐवज ठरतो.

प्राचीन पार्श्वभूमी : ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील एका सूक्तात वर्म धारण केलेल्या योद्ध्याचे वर्णन येते. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कामे सांगताना लोहजालिका, पट्ट, कवच, शिरस्त्राण, कंठत्राण, कूर्पास, कंचुक व वारवाण अशी अंगरक्षक साधने नमूद केली आहेत. यांतील ‘लोहजालिका’ व ‘पट्ट’ या शब्दांवरून कड्यांची जाळी व धातूचा पत्रा हे दोन भिन्न मार्ग प्राचीनांस माहीत होते, असे दिसते.

महाराष्ट्रात लोखंड गाळण्याची परंपरा जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाण संस्कृतीच्या काळातील लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली, तर त्याच जिल्ह्यातील माहुरझरी येथे १९७०–७२ च्या उत्खननात घोड्याच्या मस्तकावर बसविण्याची तांब्याच्या पत्र्याची आभूषणे सापडली. ती संरक्षणापेक्षा शोभेसाठी असली, तरी प्राण्याच्या मस्तकाच्या वळणाबरहुकूम पत्रा घडविण्याचे कौशल्य त्यांतून दिसते. पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या लेण्यांमधील सातवाहनकालीन शिलालेखांत कासाकारांच्या, म्हणजे काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. तिच्याकडे धर्मादाय ठेव ठेवली जाई, यावरून धातुकाम करणाऱ्यांचा संघटित व विश्वासपात्र वर्ग या परिसरात होता, हे स्पष्ट होते. पुढील काळातील वीरगळांवर मात्र बहुतेक योद्धे उघड्या अंगाने, केवळ ढालीच्या आधारे लढताना कोरलेले आहेत. धातूचे चिलखत ही सर्वसामान्य सैनिकाच्या आवाक्यातील वस्तू नव्हती.

युरोपीय चिलखताशी तुलना : चौदाव्या शतकापासून युरोपात कड्यांच्या चिलखतावर पोलादी पत्रे चढविण्यास सुरुवात झाली व पंधराव्या शतकात नखशिखांत पत्र्याचे चिलखत पूर्णत्वास गेले. मिलान, ऑग्झबर्ग व न्यूरेंबर्ग ही त्याची प्रमुख केंद्रे होती. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने ग्रिनिच येथे स्वतःची कर्मशाळा स्थापन केली. अशा संपूर्ण चिलखताचे वजन साधारणतः २० ते २५ किग्रॅ. भरे. हे वजन सर्व अंगावर विभागले जात असल्याने ते घालून चालणे व घोड्यावर चढणे शक्य असे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर ही चिलखते कोकणच्या किनाऱ्यावर आली. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात असलेल्या गव्हर्नर व व्हाइसरॉय यांच्या तसबिरींत ती पाहावयास मिळतात.

दख्खनने हा नमुना स्वीकारला नाही. त्याचे कारण कारागिरांच्या अज्ञानात शोधणे चुकीचे ठरेल. येथील हवामान, मांडी घालून बसण्याची रीत, अंगरख्याखाली चिलखत लपविण्याची गरज आणि लांब पल्ल्याची घोडदौड या सर्वांना ताठ पत्र्याचे आवरण गैरसोयीचे होते. म्हणून जेथे वार बसण्याचा संभव अधिक तेथे पत्रा आणि जेथे शरीर वाकते तेथे कड्या, असा मेळ येथे घालण्यात आला.

प्रकार : दख्खनी चिलखतांचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात. (१) कड्यांचे चिलखत : यास फार्सीत ‘जिरह’ म्हणतात, मराठीतील ‘जिरेटोप’ या शब्दाचा पूर्वार्ध त्यावरूनच आला आहे. (२) कडी-पत्र्याचे चिलखत : यात छाती, पोट व पाठ यांवर आडव्या पत्र्यांच्या ओळी कड्यांनी जोडलेल्या असून बाह्या व बगला केवळ कड्यांच्या असतात. (३) चार-आईना : छाती, पाठ व दोन्ही बगला यांसाठी चार स्वतंत्र पत्रे चामडी पट्ट्यांनी बांधून ते कड्यांच्या चिलखतावर घालीत. बगलेच्या पत्र्यांना हात मोकळा राहावा म्हणून वरच्या कडेस खाच ठेवलेली असे. (४) कापडी चिलखत : अनेक पदरी कापड कापूस भरून दाट शिवीत व कधी त्यावर खिळे किंवा आतून लहान पत्रे बसवीत. यांशिवाय नाकावर खाली-वर सरकणारी पट्टी व मानेवर कड्यांची झालर असलेला टोप आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे पोलादी दस्ताने ही जोडसाधने होत.

मराठ्यांच्या दांडपट्ट्याचा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे. त्याच्या पात्यास जोडलेली पोलादी मूठ पंजा, मनगट व पुढचा हात झाकते. शस्त्र व चिलखत यांचा असा संयोग अन्यत्र क्वचितच आढळतो.

घडण : कड्या करण्यासाठी प्रथम लोखंडाची तार ओढीत. ती गोल सळईवर गुंडाळून वेढे कापले की सुटी वळी मिळत. वळ्याची टोके एकमेकांवर आणून ती ठोकून चपटी करीत, त्यांत बारीक भोक पाडीत व त्या भोकात खिळा बसवून त्याचे डोके ठोकून पसरवीत. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतविली जाई. पुष्कळ चिलखतांत खिळ्याच्या कड्यांची एक ओळ व अखंड कड्यांची एक ओळ अशी आळीपाळीने रचना आढळते. त्यामुळे खिळे ठोकण्याचे श्रम निम्म्याने वाचत. एका चिलखतास वीस-तीस हजार किंवा त्याहूनही अधिक कड्या लागत. ज्या चिलखतांत कड्यांची टोके केवळ एकमेकांस भिडविलेली असतात, ती बहुतांशी उत्तरकालीन असून भाल्याच्या टोकाने त्यांच्या कड्या उघडतात. पितळ व तांबे यांच्या कड्या मिसळून नक्षी साधलेली अशी चिलखते प्रामुख्याने दरबारी शोभेची होत.

पत्र्याचे काम याहून निराळे होते. तापविलेल्या लोखंडाच्या गोळ्यातून घणाने ठोकून पत्रा पसरविला जाई. टोपासारखा खोलगट भाग करताना पत्रा ऐरणीवर किंवा गोलाकार खुंटीवर धरून कडेकडून ठोकीत आणीत. ठोकण्याने लोखंड कडक होऊन तडकू लागते, म्हणून ते वारंवार तापवून नरम करावे लागे. सर्वत्र सारखी जाडी हे कुशलतेचे लक्षण नव्हे. चांगल्या टोपाचा माथा जाड व कडा पातळ असतात. पत्रा तयार झाला की त्याच्या कडा घासून त्यांत कड्यांसाठी भोके पाडीत. शेवटी आतून कापडी अस्तर लावीत. अस्तराविना चिलखत पात्याची धार अडविते, परंतु आघाताचा धक्का अडवीत नाही. अशा कडी-पत्र्याच्या चिलखताचे वजन सामान्यतः ८ ते १२ किग्रॅ. असे. शोभेसाठी पृष्ठभाग आडव्या-तिरप्या रेघांनी खरवडून त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसविण्याच्या कामास कोफ्तगिरी म्हणतात.

दख्खनच्या पोलादाची ख्याती मोठी होती. तेलंगणातील कोनासमुद्रम येथे मुशीत बनविलेले पोलाद विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी येत. तथापि हे पोलाद प्रामुख्याने तलवारींच्या पात्यांसाठी होते. त्यातील कार्बनाच्या अधिक प्रमाणामुळे त्याचा खोलगट पत्रा करणे अवघड असे. म्हणून बहुसंख्य चिलखतांसाठी साधे लोखंड वापरणे सोयीचे होते.

कारागीर : चिलखत हे एका हाताचे काम नव्हते. लोहार पत्रा व तार करी, शिकलगार घासून झिलई व धार देई आणि जिनगर चामड्याचे पट्टे, म्याने व खोगिरे पुरवी. पत्र्यास ठोकून आकार देण्याची पद्धती समजून घेण्यास आज पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी उपयुक्त ठरते. पेशवेकाळापासून चालत आलेल्या या वस्तीत तांब्याच्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकासारखे एक ठोके मारून त्यास बळकटी व झळाळी आणतात. यास मठारकाम म्हणतात. तांबे व लोखंड यांचे गुण भिन्न असले, तरी खुंटी, ठोका व पुन्हा तापविणे ही क्रिया तत्त्वतः एकच आहे.

मराठ्यांचा वापर : छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडिताने रचलेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रवर्ग हे स्वतंत्र प्रकरण असून प्रचारातील फार्सी नावांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. प्रतापगडच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी झालेल्या भेटीत महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत व मंदिलाखाली टोप घातला होता आणि अफझलखानाचा वार त्यामुळे निष्फळ झाला, असे बखरींतून कळते. वस्त्राआड लपू शकणारे, श्वासाबरोबर हलणारे हे चिलखत कड्यांचेच असणे स्वाभाविक होय. ताठ पत्र्याचे चिलखत अंगरख्याखाली लपले नसते.

याउलट मराठी फौजेच्या नेहमीच्या युद्धपद्धतीत चिलखताचे स्थान मर्यादित होते. महाराजांचा जन्म ज्या शिवनेरीवर झाला, त्याच्या पायथ्याचे जुन्नर हे मोगली ठाणे त्यांनी १६५७ मध्ये रात्री दोराच्या शिड्यांनी तटावर चढून लुटले व ३ लाख होन आणि २०० घोडे मिळविले. शिवनेरी, चावंड, हडसर किंवा नारायणगाव-वारूळवाडीच्या पूर्वेस असलेला नारायणगड यांच्या वाटा पाहिल्या, म्हणजे अशा मुलखात दहा किग्रॅ. लोखंड अंगावर वागविण्यापेक्षा चपळाई हेच संरक्षण का मानले गेले, ते उमगते. चिलखत मुख्यतः सरदार व मानकरी यांच्यापुरते राहिले. सामान्य स्वार जाड कापडी अंगरखा व ढाल यांवर भागवीत असे.

ऱ्हास : बंदुकीचा वापर वाढला, तसे चिलखताचे युद्धातील प्रयोजन कमी झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कवायती पायदळ व तोफखाना यांना प्राधान्य मिळाले. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर सरदारांच्या फौजा मोडल्या व मागणीच थांबली. १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध आले. शिकलगार सुऱ्या व कात्र्यांना धार लावू लागले. दोन-तीन पिढ्यांत कडी बसविण्याची विद्या व्यवहारातून लोपली.

संशोधन : भारतीय शस्त्रास्त्रांची पहिली महत्त्वाची सचित्र सूची विल्ब्रॅहम एजर्टन याने १८८० मध्ये प्रसिद्ध केली. स्वातंत्र्योत्तर काळात दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील गा. ना. पंत यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ (१९७८–८३) पायाभूत ठरला. युरोपीय चिलखतांवर कारागिरांच्या मुद्रा असतात आणि त्यांच्या संघांची कागदपत्रेही उपलब्ध आहेत. ॲलन विल्यम्स याने शेकडो युरोपीय चिलखतांची धातुरचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २००३ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांना या मुद्रांचा मोठा आधार होता. दख्खनी चिलखतांवर सहसा कारागिराचे नाव नसते.

या दृष्टीने बिकानेरच्या शस्त्रागारातील चिलखतांचे महत्त्व असाधारण आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा अदवनी (आंध्र प्रदेश) हा किल्ला १६८८ मध्ये मोगलांनी घेतला. मोगलांच्या बाजूने दख्खनमध्ये लढणारा बिकानेरचा राजा अनूपसिंह (कार. १६६९–९८) याच्याकडे तेथील कडी-पत्र्याची चिलखते गेली. त्यांतील अनेकांवर ठिपक्यांनी कोरलेले देवनागरी लेख असून त्यांत अनूपसिंहाचे नाव व अदवनीचा निर्देश येतो. दख्खनी चिलखतांचा स्थळ व काळ निश्चित करण्याचा हा एक भक्कम आधार होय. तो दख्खनच्या दप्तरात नव्हे, तर जेत्याने लुटीवर केलेल्या नोंदीत मिळाला.

चिलखताचे परीक्षण आज अनेक अंगांनी करता येते. कडीचा व्यास, तारेची जाडी व खिळ्याचा आकार मोजून एकाच हातच्या कामाचा माग घेता येतो. क्ष-किरणांनी झाकलेले सांधे दिसतात, तर धातूतील मळीच्या रेषांवरून लोखंड कसे ठोकले गेले हे कळते. जुन्या पद्धतीने कडीपासून कडीपर्यंत प्रतिकृती करून पाहणे हाही संशोधनाचाच भाग होय. किती कोळसा, किती तास व किती माणसे लागत, याचा अंदाज त्याशिवाय येत नाही. चित्रपट व मिरवणुकींसाठी हलक्या धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या कड्यांची जी चिलखते करतात, त्यांवरून मूळ वस्तूचे वजन, लवचिकपणा व श्रम यांची कल्पना येऊ शकत नाही.

जतन : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात अकबराचे चिलखत व ढाल आहे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय तसेच सातारा व कोल्हापूर येथील संग्रहालये यांतही जुनी शस्त्रास्त्रे जतन केली आहेत. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या खासगी निर्यातीस मनाई केली. परंतु खरा धोका घराघरांत व देवघरांत ठेवलेल्या वस्तूंना आहे. दसऱ्याच्या शस्त्रपूजनापूर्वी चिलखत विटकरीच्या पुडीने किंवा खरकागदाने घासून चकचकीत केले, की गंजाबरोबर ठोक्यांच्या खुणा, सोन्याच्या तारेचे अवशेष व पुसट अक्षरेही जातात. तुटलेल्या जागी बाजारातील तार ओवली, की मूळ रचना कोणती हे पुढे सांगता येत नाही. ज्या कारागिराने आपले नाव कोठेही लिहिले नाही, त्याच्या हाताची ओळख त्या खुणांतच उरलेली असते. म्हणून जुने चिलखत उजळण्यापूर्वी त्याची मोजमापे व छायाचित्रे घेणे आणि ते तेल लावून कोरड्या जागी ठेवणे, एवढी दक्षता तरी अवश्य घेतली पाहिजे.