मुक्ती आणि दासोह

बीदर जिल्ह्यातील निर्णा हे आपल्या सीमाभागातल्या अनेक गावांपैकी एक. या पट्ट्यातील मराठी घरांत चुलीपाशी मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या मंडळींच्या तोंडी दखनी अशा तीन भाषा एकाच दिवसात सुखाने नांदतात. इथे 'दासोह' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांनी तो रुजवला. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांनी पुढे तोच आपल्या जगण्याचा धर्म केला. 'मी दास आहे' हा त्याचा मूळ भाव. पंगतीत वाढणारा स्वतःला दाता समजत नाही, दास समजतो. अन्नदान आणि दासोह यांतला फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

याच पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेथडिस्ट मिशनऱ्यांचे काम सुरू झाले आणि खेडोपाडी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रार्थनामंदिरांत वाचल्या जाणाऱ्या एका जुन्या पत्रात दासोहाच्या अगदी जवळचा विचार आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात पौलाने गलतीकरांना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील एका प्रांताच्या मंडळ्यांना, ते पत्र लिहिले. वाद असा होता, की यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ताकडे येताना आधी सुंता करून यहुद्यांचे नियमशास्त्र अंगीकारावे की काय? पौलाने त्याला ठाम नकार दिला. तुम्हाला स्वतंत्र होण्यासाठीच बोलावले आहे, असे त्याने सांगितले. मात्र हे स्वातंत्र्य मन मानेल तसे वागण्यासाठी नाही, तर प्रेमाने एकमेकांचे दास होण्यासाठी आहे, असेही त्याने लगोलग बजावले. १५२० साली मार्टिन ल्यूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जो निबंध लिहिला, त्याचे सूत्रही हेच होते : श्रद्धेने कुणाचाही अंकित नसलेला माणूस प्रेमाने सर्वांचा सेवक होतो.

स्वातंत्र्य आणि दास्य एका माणसात कसे नांदायचे? हा प्रश्न ग्रंथांत सुटत नाही. तो कुणाला तरी जगून सोडवावा लागतो. आपल्या भाषेत तो जगून पाहिला पंडिता रमाबाईंनी, आणि त्यांच्या कामाची एक शाखा थेट आपल्या गुलबर्ग्यापर्यंत आली होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीत, गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे कोकणस्थ ब्राह्मण, पण त्यांचे घराणे मंगळूरकडचे. म्हणजे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी मुलूख, आपल्यासारखेच. अनंतशास्त्र्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना उडुपीच्या पंडितांपुढे जाब द्यावा लागला. त्याच आईने पुढे रमाबाईंना संस्कृत शिकवले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत हिंडले आणि त्या भटकंतीत रमाबाई कानडी, हिंदुस्थानी, बंगाली अशा भाषा शिकल्या. मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील दगावले. भुकेने माणूस कसा मरतो हे या विदुषीने पुस्तकातून वाचले नव्हते.

१८७८ साली कलकत्त्याने त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांनी जातीबाहेर, बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलम येथील आपला आश्रम दाखवला. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा होता. अशा बायकांशी कुणी मायेने बोलते, त्यांना पुन्हा उभे करते, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिले. असे करावेसे का वाटते, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना विहिरीवर ख्रिस्ताला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. शास्त्रार्थात भल्याभल्यांना गप्प करणारी ही पंडिता हरली ती या सेवेपुढे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथवरची गोष्ट मिशनच्या पुस्तकांत शोभेल अशी आहे. पुढची तितकीशी सोयीची नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, याचा निर्णय हिंदुस्थानातील दोन बिशप करू लागले. रमाबाईंनी ते मान्य केले नाही. धर्ममताच्या बाबतीतही प्रत्येक गोष्ट विचारून, पारखून घेण्याचा आपला हक्क त्यांनी सोडला नाही. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. त्यांना वडिलकीने वागवणाऱ्या इंग्रज भगिनींना हा गर्व वाटला. आज ती पत्रे वाचताना वाटते, की गलतीकरांचे पत्र त्यांना इंग्लंडमधील कित्येक ख्रिस्ती मंडळींहून अधिक कळले होते.

पण नुसते 'नाही' म्हणून कुणी मुक्त होत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई मात्र आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागारपद सोडले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. कुणावर सक्ती करणार नाही, पण दारही लावणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती.

इथे थोडे थांबले पाहिजे. ज्या मुलीला जगात दुसरा आसरा नाही, तिच्यापुढे उघडे ठेवलेले दार कितीसे मोकळे असते? अन्न देणाऱ्या हाताचे मन राखावे, असे उपाशी माणसाला वाटणारच. रानडे-भांडारकरांची शंका द्वेषातून आली नव्हती. तिचा पुरता निकाल रमाबाईंच्या चरित्रात लागत नाही, असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटते. पण त्या मुलींना घराबाहेर काढणाऱ्या समाजाने ती विचारावी, याचेही नवल वाटते. दार उघडे असल्याचा दोष काढणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःचे दार त्यांच्यासाठी उघडले होते?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तेथे इतक्या मुली ठेवण्यास परवानगी नव्हती. म्हणून केडगावच्या आपल्या जमिनीवर त्यांनी त्यांना नेले. त्यातून 'मुक्ती' ही वसाहत उभी राहिली. तिच्यात विहिरी खोदल्या गेल्या; माग, छापखाना, शेती, दूधदुभते सुरू झाले. फुलमची आठवण ठेवून कृपा सदन निघाले, आंधळ्यांसाठी वेगळी सोय झाली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. नाव 'मुक्ती', आणि काम मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंतचे दास्य! खरकटी, खरूज, उवा, तापाने फणफणलेली पोरे, या सर्वांमध्ये 'सरस्वती' ही पदवी मिळवलेली बाई वावरत होती.

मुंबई–मद्रास लोहमार्गावर केडगाव ओलांडून गाडी पुढे सोलापूरला जाते आणि तेथून गुलबर्ग्यास येते. याच गुलबर्ग्यात, तेव्हाच्या निजामी राज्यात, रमाबाईंनी १९१२ मध्ये शाळा काढली आणि मुख्याध्यापिकेची जबाबदारी मनोरमाबाईंकडे दिली. इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली ही मुलगी मुंबई-पुणे सोडून, कानडी, मराठी, उर्दू अशा मिश्र मुलखात, जेथे मुलींच्या शिक्षणाची आबाळ होती, तेथे कामाला लागली. २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी ती गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. अखेरपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रिते तपासत होत्या. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईने हे भाषांतर मुद्दाम साध्या मराठीत केले, कारण ते केडगावच्या मुलींना आणि खेड्यातल्या बाईला वाचता यायला हवे होते. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विद्येनेसुद्धा दास व्हावे ते असे.

मुक्ती मिशनचे काम केडगावात अजून चालू आहे. निर्ण्याचा किंवा हुमनाबादचा माणूस पुण्याच्या वाटेवर ते स्थानक गाडीतून पाहतो, पण नाव वाचतोच असे नाही.

आपण सीमाभागातली माणसे स्वातंत्र्याबद्दल पुष्कळ बोलतो. १७ सप्टेंबर १९४८ आपल्या घरांत अजून ताजा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ची सल तर आहेच. भाषेचा हक्क मागावा आणि मिळवावाही. पण मिळालेले स्वातंत्र्य कुणासाठी वापरले, हा रमाबाईंचा प्रश्न उरतोच. शेजारच्या कन्नड घरातील म्हातारीला दवाखान्यात नेताना, परक्या जातीच्या पोराला गणित शिकवताना, घरी परत आलेल्या लेकीला ताट वाढताना त्याचे उत्तर द्यावे लागते. आपल्या मातीने त्याला दासोह म्हटले, पौलाने प्रेमाचे दास्य म्हटले. वाढणाऱ्याने आधी स्वतःला दास समजावे आणि समोरच्याने हवे तेव्हा पानावरून मोकळ्या मनाने उठावे, एवढे साधले तर दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे.