रविवारच्या धर्मशिक्षणात विचारलेला एक प्रश्न



मिस्सा संपवून आपण घरी येतो, तेव्हा देव चर्चमध्येच राहतो की आपल्याबरोबर घरी येतो? हा प्रश्न आजचा वाटतो. पण चारशे वर्षांपूर्वी गोव्यातल्या साष्टी भागातल्या नवख्रिस्ती माणसांपुढेही तो उभा होता. त्याला मिळालेले उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’.

ते लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे येशूसंघी धर्मगुरू. १५७९ साली ते गोव्याला आले आणि १६१९ साली वारले. जवळजवळ चाळीस वर्षांचा हा काळ त्यांनी बहुतांशी साष्टीच्या लोकांत घालवला. ते त्यांची बोली शिकले आणि त्यांची ग्रंथांची मराठीही शिकले.

पुराणाच्या आरंभी फादरांनी एक प्रसंग सांगितला आहे. चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असताना एका ब्राह्मण ख्रिस्ती माणसाने विचारले: प्रार्थना तुम्ही शिकवता, हे चांगलेच. पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी तसेच काही आम्हाला का देत नाही?

या प्रश्नात वेदना आहे, ती आपण लपवू नये. ज्या पुराणांच्या श्रवणात त्या लोकांच्या संध्याकाळी जात, ती त्यांच्या हातून काढून घेतली गेली होती. पाठ केलेल्या प्रार्थना काही मिनिटांत संपत. उरलेला दिवस मात्र रिकामा राही.

फादरांनी त्या माणसाला गप्प बसवले नाही. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. ‘पहिले पुराण’ जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा सांगते, तर ‘दुसरे पुराण’ प्रभू येशूचे जीवन सांगते. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. छंद निवडला तो ओवीचा. ज्ञानेश्वरीचा छंद ओवीचाच, आणि आपल्या आयाबहिणी जात्यावर म्हणत तीही ओवीच. ओवी ऐकायला कोणी वेगळे शिकावे लागत नसे.

१६१६ साली रायतूर येथे हे पुराण रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. १६८४ साली मात्र पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला: लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज आढळत नाही. पुराण मात्र टिकले. गोव्यात आणि मंगळूरकडे लोकांनी ते हाताने उतरवून घेतले आणि गायले. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. देवनागरी आवृत्ती पुण्याहून १९५६ साली निघाली.

देवाची कथा घरातल्या माणसांच्या तोंडी बसली होती, म्हणून छापील पुस्तके गेली तरी ती गेली नाही. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना बोलायला सांगितले आहे. यातले एकही ठिकाण चर्च नाही.

आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाला येतात, प्रार्थना अचूक म्हणतात. पण आठवड्यातला तो एक तास झाला की पुढे काय? तो साष्टीचा माणूस आज आपल्या वर्गात उठून हाच प्रश्न विचारील. त्याचे उत्तर एकट्या धर्मगुरूंनी किंवा धर्मशिक्षकांनी देऊन भागणार नाही. ते घरातच द्यावे लागेल. त्यासाठी अकरा हजार ओव्यांची गरज नाही. रात्रीच्या जेवणानंतर शुभवर्तमानातला एक प्रसंग, आजीने किंवा बाबांनी, घरी आपण जसे बोलतो तशा मराठीत सांगावा. मुलांनी मध्येच प्रश्न विचारले तर विचारू द्यावेत.

हे प्रभो, आमच्या घरच्या बोलण्यात तुझे नाव रोज येऊ दे. आमेन.