बांधलेलें आरमार

मराठ्यांच्या आरमाराविषयीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें गेलें आहे त्यांत लढाया पुष्कळ आहेत, तहनामेही आहेत. परंतु गलबत लढाईवर नसतांना तें कोठें व कसें बांधून ठेवीत, ह्याची विचारपूस फारशी कोणीं केलेली दिसत नाहीं. वस्तुतः कोणतेंही जहाज आपल्या आयुष्याचा मोठा भाग बंदरांत दोरास बांधलेलें असेंच घालवितें. कोंकणच्या किनाऱ्यावर तर पावसाळ्याचे महिने शीड उभारण्याची सोयच नसे. तेव्हां ज्यास आरमार राखावयाचें त्यास लढण्याच्या विद्येइतकीच बांधून ठेवण्याची विद्याही अवगत असावी लागते. तुळाजी आंग्र्याचें आरमार इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत एका दुपारीं नाहींसें झालें, तें भर समुद्रांत झुंजतांना नव्हे, तर खाडींत बांधलेल्या स्थितींत. ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयाकडे वळण्याचें कारण वाचकांस सांगावयास नको.

प्रथम एका लहान होडीचेंच उदाहरण घेऊं. घोडा खुंट्यास बांधावा तशी होडी धक्क्यास बांधून चालत नाहीं. घोड्याच्या पायांखालची जमीन स्थिर असते. होडीखालचें पाणी दिवसांतून दोनदां चढतें आणि दोनदां उतरतें. मुंबई बंदरांत मोठ्या उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी ह्यांच्या पातळींतील अंतर १४-१५ फुटांपर्यंत जातें. दक्षिणेस रत्नागिरी-विजयदुर्गाकडे तें पुष्कळ कमी असतें, तरी एका माणसाच्या उंचीहून अधिक असतेंच. भर भरतीस दोर आंखूड बांधून नाविक घरीं गेला, तर ओहोटीस होडी धक्क्याला टांगलेली सांपडेल, नाहीं तर दोर तरी तुटलेला असेल. भीतीनें तो फार सैल सोडला, तर होडी वाहवत जाऊन धक्क्याच्या तुळयांखालीं शिरेल व पाणी चढूं लागलें कीं तेथेंच चिरडून जाईल. ह्यावर जुना उपाय असा कीं, दोर समोरच्या खुंट्यास न बांधतां तिरपा, लांबच्या खुंट्यास न्यावयाचा. लांब दोराचा उतार पाण्याच्या चढउतारानें थोडासाच बदलतो, म्हणून तो ताणतही नाहीं व ढिलाही पडत नाहीं. पुढच्या टोकाचा एक दोर पुढें आणि मागच्या टोकाचा एक मागें, इतकें केल्यावर आणखी दोन उलट दिशांनीं घालतात, म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या खुंट्याकडे व मागच्या टोकापासून पुढच्या खुंट्याकडे. अशा रीतीनें बांधलेली होडी पुढें सरकत नाहीं, मागें हटत नाहीं, आणि वरखालीं मात्र मोकळेपणानें होते. गांठ कोणती मारावी हा प्रश्न राहिला. आपल्या भाषेंत निरगांठ आणि सुरगांठ असे दोन सुंदर शब्द आहेत. होडीस बांधावयाची गांठ ओढीखालीं निरगांठीप्रमाणें घट्ट राहिली पाहिजे, परंतु प्रसंग पडतांच सुरगांठीप्रमाणें एका झटक्यानें सुटलीही पाहिजे. ह्यांतील उत्तरार्ध पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे, हें पुढें दिसून येईल.

दोर कशाचा, ह्यालाही महत्त्व आहे. आपल्या किनाऱ्यावर तो काथ्याचा असे. नारळाचीं सोडणें खाडीच्या खाऱ्या पाण्यांत कित्येक महिने कुजवून, बडवून, त्यांतील तंतू वळून सुंभ करावयाचा व सुंभाचे पदर एकत्र पिळून दोरखंड करावयाचें, ही कला मालदीव बेटांपासून अरबस्तानपर्यंत सर्व खलाश्यांच्या ओळखीची होती. चवदाव्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता ह्यानें मालदीवांतील काथ्याचें व त्यानें शिवलेल्या जहाजांचें वर्णन करून ठेवलें आहे. बळाच्या दृष्टीनें काथ्या अंबाडी-तागाच्या दोराहून उणा. पण तो पाण्यावर तरंगतो, समुद्राच्या पाण्यानें लवकर कुजत नाहीं, आणि मुख्य म्हणजे लवचिक आहे. लाटेचा हिसका बसला असतां तो थोडा ताणतो व पुन्हां पूर्ववत् होतो, त्यामुळें हिसका लांकडापर्यंत पोंचत नाहीं. गोड्या पाण्यांत मात्र तो टिकत नाहीं. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं ही म्हण आपण माणसांच्या स्वभावाविषयीं वापरतों, पण सुंभ चांगला जळतो हा तिच्यांतील पहिला अर्धा भाग आपण विसरतों. कोरडा काथ्या, तेलानें व राळेनें माखलेलें लांकूड आणि कापडाचीं शिडें, ह्यांहून आगीस अधिक प्रिय असें दुसरें काय असणार!

आतां एका होडीवरून अनेक गलबतांकडे येऊं. नांगरावर सोडलेलें जहाज पाण्याच्या ओढीबरोबर नांगराभोवतीं फिरतें. त्यास सभोंवार मोकळें पाणी लागतें. कोंकणांतील खाड्या अरुंद. तेथें वीस-पंचवीस गलबतांस अशी फिरण्याची जागा कोठून मिळावी? म्हणून तीं एकमेकांस कुशीला कूस लावून, मध्यें सुंभाच्या गुंडाळ्या घालून, एका रांगेंत बांधीत. आजही पावसाळ्यांत मच्छीमार बंदरांतून नौका अशाच दाटीनें बांधलेल्या दिसतात. ह्यांत जागा वांचते, दोर वांचतात, आणि पहाऱ्यास थोडीं माणसें पुरतात. शिवाय शत्रूनें लहान होड्यांतून येऊन एखादें गलबत ओढून नेण्याची भीति कमी होते. ह्या सोयी लहान नव्हत.

तथापि ह्यांतील धोकाही आपल्या पूर्वजांस अज्ञात नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या इ. स. १७१६ च्या आज्ञापत्रांत आरमाराचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्याची छावणी कशी करावी हें सांगतांना अमात्यांनीं उधाण येण्यापूर्वीं आठ-पंधरा दिवस आधींच गलबतें आंत घ्यावीं, दर वर्षीं एकाच बंदरीं छावणी करूं नये, सर्व आरमार एके ठिकाणीं न ठेवतां जागोजागीं ठेवावें, व रात्रीं सभोंवार गस्त असावी, असें बजावलें आहे. हे नियम पावसाळ्यापुरते आहेत हें खरें. परंतु ज्यानें ते लिहिले त्यास एका जागीं गोळा झालेल्या आरमाराचें भय पुरतें कळलें होतें, ह्याविषयीं शंका नको.

इ. स. १७५५ मध्यें पेशवे नानासाहेब व मुंबईकर इंग्रज ह्यांनीं मिळून तुळाजीवर मोहीम काढली. त्या वर्षाच्या मार्चअखेरीस कमोडोर जेम्स सुवर्णदुर्गाकडे आला, तेव्हां तेथें आंग्र्यांचीं गलबतें नांगरलेलीं होतीं. इंग्रज जहाजें दिसतांच त्यांनीं काय करावें? नांगर वर घेण्यांतही वेळ न दवडतां दोर तसेच सोडून देऊन तीं समुद्रांत पळालीं. वारा अगदीं मंद होता. तेव्हां वल्ह्यांच्या गलबतांनीं मोठ्या गुराबा ओढावयास सुरुवात केली. खलाश्यांनीं शिडांखेरीज अंगावरचीं वस्त्रें व पागोटीं सुद्धां वाऱ्यापुढें पसरलीं असें इंग्रज इतिहासकारांनीं नमूद केलें आहे. पाठलाग व्यर्थ गेला. सुवर्णदुर्ग एप्रिलच्या आरंभीं पडला, पण आरमार हातीं लागलें नाहीं. दोर व नांगर ह्यांचें नुकसान झालें एवढेंच. आणि तें नुकसान सोसण्याची तयारी होती म्हणूनच बाकीचें वांचलें.

दहा महिन्यांनीं ह्याच्या अगदीं उलट घडलें. अॅडमिरल वॉटसन हा केंट, कंबरलँड आदिकरून राजाचीं मोठीं जहाजें, कंपनीचीं जहाजें व उखळी तोफांच्या नौका घेऊन विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रज ज्यास घेरिया म्हणत त्या किल्ल्यावर, चालून आला. फौजेचा मुख्य कर्नल क्लाइव्ह होता. जमिनीच्या बाजूनें पेशव्यांचें सैन्य होतें. तुळाजी स्वतः किल्ल्यांत नव्हता. तो मराठ्यांच्या छावणींत बोलणें लावण्यास गेला होता व किल्ला आपल्या मेहुण्याच्या स्वाधीन करून गेला होता. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं दुपारीं वॉटसनचीं जहाजें खाडीच्या मुखांत शिरून किल्ल्यासमोर उभीं राहिलीं व दोहों बाजूंनीं तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांस बांधलेलें होतें. चारच्या सुमारास उखळी तोफेचा एक गोळा त्यांपैकीं एका जहाजावर येऊन फुटला. हें जहाज ‘रेस्टोरेशन’ नांवाचें, पूर्वीं खुद्द कंपनीचें व आंग्र्यांनीं लढून घेतलेलें. त्यानें पेट घेतला. त्यावरून शेजारच्यानें, त्यावरून त्याच्या शेजारच्यानें. तासाभराच्या आंत सारें आरमार जळून गेलें. बांधणींत असलेलीं जहाजेंही वांचलीं नाहींत. पन्नास वर्षें ज्याच्या भयानें परकी व्यापारी परवाने घेत, त्याचा शेवट करण्यास शत्रूस त्या दिवशीं एकाही गलबतावर चढावें लागलें नाहीं.

ह्यावरून तुळाजीस मूर्ख ठरविणें सोपें आहे, पण तें न्याय्य होईल असें आम्हांस वाटत नाहीं. हाच किल्ला व हीच खाडी ह्यांनीं पूर्वीं आंग्र्यांचें आरमार संभाळलें होतें. इ. स. १७२० मध्यें वॉल्टर ब्राऊन ह्याची मोहीम येथें फसली; १७२४ मध्यें डच आले तेही हात हालवीत परत गेले. किल्ल्याखालीं बांधलेलें आरमार सुरक्षित असतें असा अनुभव असतां तुळाजीच्या माणसांनीं तोच क्रम चालविला, तर नवल कसलें? शिवाय पेशव्यांशीं बोलणें चालू असतां आरमार समुद्रांत घालविणें म्हणजे बोलणें मोडल्यासारखेंच झालें असतें. खरी उणीव निराळीच आहे. आग लागल्यावर जळतें जहाज रांगेपासून तोडून दूर लोटावयास हातीं कोयते घेतलेलीं माणसें प्रत्येक गलबतावर हवीं होतीं, आणि ‘तोडा’ असें म्हणणारा अधिकारी हवा होता. माणसें बहुधा किल्ल्याच्या तटावर तोफांपाशीं गुंतलीं असावीं. अधिकारी तर छावणींत होता. त्यांतही, दुपारनंतर ह्या किनाऱ्यावर बहुतकरून समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोर तुटले असते तरी गलबतें बाहेर न जातां खाडींतच, एकमेकांच्या अंगावर ढकललीं गेलीं असतीं असें मानावें लागतें. वांचलीं असतीं तर कांहीं थोडीं. पण थोडीं आणि एकही नाहीं ह्यांत अंतर आहे.

पुढें वाफेचें युग आलें, मुंबईस १८७५ सालीं ससून डॉक, १८८० सालीं प्रिन्सेस डॉक व १८८८ सालीं व्हिक्टोरिया डॉक झालें. ह्यांपैकीं शेवटच्या दोहोंस दरवाजे होते. ते भरतीच्या पाण्यावर मिटून घेत, म्हणजे आंतील पातळी कायम राही व दोर कमीजास्त करण्याची यातायात उरत नसे. लहान होडीच्या नाविकाची जुनी विवंचना स्थापत्यशास्त्रानें अशी सोडविली. मात्र बाहेर पडण्याचा प्रश्न त्यामुळें अधिक अवघड झाला. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया डॉकांत फोर्ट स्टिकिन ह्या जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला असतां आग लागली. तें बाहेर न्यावें कीं आंतच बुडवावें ह्याचा निर्णय होण्यापूर्वींच, चार वाजून सहा मिनिटांनीं, स्फोट झाला. धक्क्यास लागलेलीं इतर जहाजें, गुदामें व शेंकडों माणसें त्यांत गेलीं. जलपद्म नांवाचें जहाज तर उचलून धक्क्यावर फेंकलें गेलें. दोन्ही प्रसंगांतील वेळेचा मेळ योगायोगाचाच, त्यास अधिक अर्थ नाहीं.

विजयदुर्ग दुसऱ्या दिवशीं, १३ फेब्रुवारीस, पडला. सुमारें दहा लक्ष रुपयांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतली व मराठ्यांस वांटा दिला नाहीं. किल्लाही लगोलग परत केला नाहीं. १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहानें बाणकोट इंग्रजांकडे गेलें, तेव्हां विजयदुर्ग पेशव्यांस मिळाला. तुळाजी मरेपर्यंत कैदेंत राहिला. नानासाहेबांस घरांतील एक बलाढ्य सरदार मोडावयाचा होता, तो मोडला. पण त्याच्या हातचें आरमार आपल्या हातीं यावें हा जो खरा लाभ, तो त्या तासाभरांत जळून गेला होता. खाडींत आंत गिर्ये येथें खडक खोदून केलेली आंग्र्यांची गोदी तेवढी पेशव्यांकडे आली. विजयदुर्गास धुळपांच्या हाताखालीं पुन्हां गलबतें उभीं करण्यांत पुढें कित्येक वर्षें गेलीं, आणि ८ एप्रिल १७८३ रोजीं त्यांनीं कंपनीचें रेंजर नांवाचें जहाज हातघाईच्या लढाईंत पकडून ह्याच खाडींत आणलें.